स्वस्त नळी, खरा नेम: एअर रायफल आणि .२२ची बॅरल पारखताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पॅरिसमध्ये २०२४ साली कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने ५० मीटर थ्री-पोझिशनमध्ये (गुडघ्यावर, पालथं आणि उभ्याने) ४५१.४ गुणांवर कांस्यपदक घेतलं. तेव्हापासून माझ्याकडे येणाऱ्या फोनचा सूर बदलला आहे. पूर्वी लोक विचारायचे, ‘मुलाला कुठे घालू?’ आता विचारतात, ‘रायफल घेतलीये, पण नेम बसत नाही, नळी बदलू का?’ मी क्लबच्या रायफली सांभाळणारा माणूस, बंदूक बनवणारा नव्हे. पण गेल्या काही वर्षांत एवढ्या नळ्यांवर संशय घेतलेला पाहिला आणि त्यातल्या इतक्या थोड्या दोषी निघाल्या, की एकदाचं लिहून टाकतो.

‘स्वस्त’ म्हणजे नेमकं काय धरायचं?

जर्मन किंवा ऑस्ट्रियन मॅच, म्हणजे स्पर्धेची, एअर रायफल भारतात येईपर्यंत दोन-तीन लाखांच्या घरात जाते. त्याखालचं बरंचसं मी इथे स्वस्तात धरतोय: देशी बनावटीच्या एअर रायफली, त्यांच्यासाठी सुट्या मिळणाऱ्या बदली नळ्या, आणि .२२ मध्ये, म्हणजे काडतूस वापरणाऱ्या ०.२२ इंची रायफलीत, मूळ कंपनीची नसलेली, तिसऱ्याच कारखान्याची बॅरल, म्हणजे नळी. स्वस्त म्हणजे वाईट असं समीकरण नाही. सरळ, लांब भोक पाडण्याची विद्या आपल्याकडे आहे. ठाण्यात डीप-होल ड्रिलिंगची मशीनं बनतात आणि त्याच घरातून एअर रायफलीही निघतात. स्वस्त मालात खरी भानगड वेगळीच असते. एक नळी उत्तम निघते, तर तिच्याच शेजारच्या खोक्यातली दुसरी सुमार. महाग नळी घेताना तुम्ही मुख्यतः या सारखेपणाचे पैसे मोजता.

नळी बदलायला परवाना लागतो का?

एअर रायफल आणि अग्निशस्त्र यांची गल्लत करू नका. शस्त्र नियम, २०१६ मध्ये एअर रायफलसाठी २० जूल मझल-ऊर्जा (नळीच्या तोंडाशी गोळीची ऊर्जा) आणि ०.१७७ इंच म्हणजे ४.५ मिमी बोअर (भोकाचा व्यास) अशी परवान्याची सीमारेषा आहे. १० मीटरची मॅच रायफल साधारण साडेसात-आठ जूलवर चालते, म्हणजे सीमेच्या बरीच आत. नळी बदलून जास्त बोअरची किंवा जास्त ताकदीची रायफल करायला गेलात, तर मात्र तुम्ही दुसऱ्या कायद्याच्या अंगणात उभे राहता.

.२२चं तसं नाही. शस्त्र अधिनियम, १९५९ मध्ये ‘शस्त्र’ या शब्दात शस्त्राचे भागही येतात. सुटी नळी म्हणजे लोखंडी पाइप नव्हे. विक्रीचा व्यवसाय, दुरुस्ती, चाचणी या सगळ्याला परवानाधारक विक्रेता किंवा कारागीरच हवा. नळी कापून आखूड करणं हा तर त्याच कायद्यात वेगळ्या कलमाचा विषय आहे. ‘माझ्या ओळखीचा लेथवाला आहे’ हे वाक्य ऐकलं की मी फोन ठेवतो. परदेशी वेबसाइटवर सवलत दिसली म्हणून बॅरल मागवणं हाही त्याच जातीचा शहाणपणा.

विक्रेत्याने चाचणीचं टारगेट कार्ड दाखवलं, त्यात तीन पेलेट (एअर रायफलच्या शिशाच्या गोळ्या) एकाच भोकात आहेत. घेऊ का?

घ्या, पण त्या कार्डामुळे नको.

हा प्रश्न इथला सगळ्यात महत्त्वाचा, म्हणून जरा बसून बोलू. कुठल्याही रायफलचे मार नेमाच्या बिंदूभोवती विखुरतात. तीनच गोळ्या मारल्या, तर विखुरण्याची खरी रुंदी दिसायला संधीच मिळत नाही. एका रायफलचे तीन-तीन गोळ्यांचे पुष्कळ ग्रुप (एकत्र पडलेल्या भोकांची रुंदी) मोजले आणि त्यांची सरासरी ६ मिमी आली असं समजा. त्याच रायफलचे, त्याच हाताने मारलेले पाच-पाचचे ग्रुप सरासरी साडेसात मिमीच्या आसपास येतील आणि दहा-दहाचे साडेनऊच्या. रायफल बिघडली नाही. गोळ्या वाढल्या, म्हणून काठावरचे मार दिसू लागले, एवढंच. हे गणित आहे, कुणाचं मत नाही.

दुसरी गंमत पुढेच आहे. ती ६ मिमीवाली रायफल एखादा तिघांचा ग्रुप ३ मिमीचा देईल आणि लगेच पुढचा ९ मिमीचा. विक्रेता कुठला कार्डाला चिकटवेल? मी त्याच्या जागी असतो, तर मीही तोच चिकटवला असता. लग्नाच्या स्थळाला पाठवलेला फोटो आणि हे कार्ड, दोन्ही एकाच डोळ्याने बघायचे.

मग काय बघावं? किमान पंचवीस गोळ्या, एकाच बैठकीत, एकाही गोळीला ‘हात हलला’ म्हणून वगळायचं नाही. माझी पद्धत अशी: पाच टारगेटांवर पाच-पाच मारायच्या. मग बटर पेपर घेऊन प्रत्येक टारगेटचं केंद्र एकावर एक ठेवायचं आणि सगळी भोकं त्या एकाच कागदावर पेन्सिलने टिपायची. पंचवीस ठिपक्यांचा जो ढग दिसतो तो तुमच्या रायफलचा खरा चेहरा. दोन टोकांमधलं अंतर मोजण्यापेक्षा ढगाच्या मध्यापासून प्रत्येक ठिपक्याचं अंतर घेऊन त्याची सरासरी काढा. दोन टोकांच्या मोजणीत दोनच गोळ्या बोलतात, बाकीच्या तेवीस फुकट जातात.

आणि एवढं करूनही हुरळून जाऊ नका. दोन नळ्यांची तुलना पंचवीस-पंचवीस गोळ्यांनी केली, तर एकीचा ढग दुसरीपेक्षा साधारण तिसऱ्या हिश्शाने लहान असेल तेव्हाच फरक भरवशाने कळतो. दहा टक्क्यांचा फरक त्यात दिसत नाही. ‘नवीन नळीने ग्रुप दहा टक्के सुधारला’ असं कुणी म्हणालं, की गोळ्या किती मारल्या ते विचारा.

१० मीटरवर किती मिलिमीटर पुरे?

टारगेटवरचं दहाचं वर्तुळ म्हणजे अर्ध्या मिलिमीटरचा ठिपका. ऐकून धडकी भरते. पण पेलेट स्वतः ४.५ मिमीचं असतं आणि त्याची कड ठिपक्याला शिवली तरी दहा मिळतात. म्हणजे पेलेटचा मध्य केंद्रापासून २.५ मिमीच्या आत पडला की १०.०. तिथून पुढे प्रत्येक दशांशाला पाव मिलिमीटर. १०.५ साठी १.२५ मिमी, १०.९ साठी पाव मिलिमीटर.

थोडक्यात, क्लॅम्पमध्ये किंवा पक्क्या टेकूवर ज्या रायफलचे सगळे मार ५ मिमीच्या वर्तुळात राहतात, ती रायफल तुमचा दहा हिरावून घेत नाही. राज्यस्तरापर्यंत पोचू पाहणाऱ्या मुलाला हे पुष्कळ झालं. त्या मुलाचा उभ्याने मारलेला ढग १५ मिमीचा असेल, तर ५ ऐवजी ४ मिमीची नळी घेऊन त्याच्या गुणांत जवळजवळ काहीच हलणार नाही. आईवडिलांना हे पटवणं मला आजवर जमलेलं नाही.

५० मीटरला दहाचं वर्तुळ १०.४ मिमीचं आणि .२२ची गोळी ५.६ मिमीची. तिथे मध्य ८ मिमीच्या आत हवा.

अमेरिकन व्हिडिओत ‘सब-एमओए बॅरल’ म्हणतात. आपल्या हिशोबात किती?

एमओए म्हणजे अंशाचा साठावा भाग. पंचांगात त्याला कला म्हणतात, तीच ही. एक कला १०० मीटरवर २९ मिमी होते, ५० मीटरवर साडेचौदा, १० मीटरवर २.९. त्यांच्या १०० यार्डांवर १.०४७ इंच.

ते व्हिडिओ बहुतेक वेळा एआर जातीच्या सेंटरफायर, म्हणजे मोठ्या ताकदीच्या काडतुसांच्या, रायफलींचे असतात. तिथे स्वस्त बदली बॅरलींचा मोठा बाजार आहे आणि ‘सब-एमओए’ ही त्या बाजारातली आवडती आरोळी. अनेकदा अट बारीक अक्षरात असते: तीन गोळ्या, मॅच दर्जाची काडतुसं. तीन की पाच की दहा, हे सांगितल्याशिवाय त्या शब्दाला अर्थ नाही. त्यांच्याकडच्या नळीची समीक्षा वाचून आपली एअर रायफल पारखायला जाऊ नका. त्या नळ्या तापतात, झिजतात, त्यांच्या घशाशी रायफलिंग, म्हणजे आतल्या वळणदार खाचा, जळतं. आपल्या ४.५ मिमीच्या नळीला यातलं काहीच होत नाही.

दुकानात हातात घेऊन काय तपासता येतं?

आधी रायफल रिकामी असल्याची खात्री, ब्रीच (नळीचं मागचं, पेलेट घालायचं टोक) उघडी, बोट ट्रिगरच्या बाहेर. मगच पुढचं.

पहिलं तोंड बघा. नळीच्या टोकाची कड, जिला क्राउन म्हणतात, ती पेलेटला शेवटचा स्पर्श करते. तिथे एका बाजूला ओरखडा किंवा बूर असेल, तर हवा त्या बाजूने आधी निसटते आणि पेलेटची शेपटी ढकलली जाते. कान साफ करायची कापसाची काडी घेऊन आतून बाहेर, चारी बाजूंनी हळू फिरवा. तंतू एकाच जागी अडकत असतील तर बूर आहे. दहा रुपयांची तपासणी आहे, पण विक्रेत्याचा चेहरा बघण्यासारखा होतो.

दुसरं, ब्रीचकडून पांढरा कागद धरून प्रकाश आत सोडा आणि मझलकडून बघा. खाचांच्या कडा शेवटपर्यंत सारख्या दिसाव्यात. आडव्या बारीक रेषा, म्हणजे ड्रिलच्या किंवा रीमरच्या खुणा राहिल्या असतील, तर त्या शिसं खरवडून धरतील. नळी आतून चकाकते म्हणून चांगली, असं मात्र नाही. तेलाने सगळंच चकाकतं.

तिसरी तपासणी सगळ्यात बोलकी, आणि विक्रेत्याने परवानगी दिली तरच करायची. प्लास्टिकचं आवरण असलेल्या रॉडने एक पेलेट ब्रीचकडून मझलपर्यंत सावकाश ढकला. सुरुवातीला थोडा जोर, मग सगळीकडे सारखाच अडसर, आणि चोक (तोंडाशी मुद्दाम किंचित अरुंद केलेलं भोक) असलेल्या नळीत शेवटच्या काही सेंटिमीटरात पुन्हा किंचित घट्ट. मध्येच सैल पडून पुन्हा घट्ट झालं, तर भोक एकसारखं नाही. तोंडापाशी सैल सुटलं, तर ती नळी मी घेत नाही. बाहेर आलेलं पेलेट भिंगाखाली धरा. खाचांचे ठसे चहूबाजूंनी सारख्या खोलीचे हवेत.

बटण, कट, हॅमर फोर्ज: कुठली पद्धत चांगली?

बटण पद्धतीत कठीण धातूचं खाचांचं साचा-टोक भोकातून ओढतात किंवा ढकलतात, त्याने खाचा दाबून उमटतात. कटमध्ये एकेक खाच थोडी थोडी कोरत जातात. हॅमर फोर्जिंगमध्ये आत मँड्रेल (खाचांचा उलटा साचा असलेली दांडी) ठेवून बाहेरून हातोड्यांचा मारा करतात. ही पद्धत जर्मनीत दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास रुजली, कारण मशीनगनच्या नळ्या भराभर हव्या होत्या. तिन्ही पद्धतींनी विश्वविजेत्या नळ्या होतात आणि तिन्हींनी भंगारही. डब्यावरचा शब्द वाचून पैसे देऊ नका.

त्यापेक्षा दोन गोष्टी विचारा: खाचा पाडल्यावर नळीतला ताण उष्णता देऊन काढला का, आणि आतून लॅपिंग, म्हणजे बारीक घासून गुळगुळीत, केलं का. स्वस्त मालात खर्च वाचवायला आधी याच दोन पायऱ्या गाळतात. विक्रेत्याला लॅपिंग म्हणजे काय हेच माहीत नसेल, तर उत्तर मिळालं असं समजा.

क्रोम, स्टेनलेस की साधं?

एअर रायफलला साधं कार्बन स्टील पुरतं. क्रोमचा थर टिकाऊपणासाठी असतो आणि तो सगळीकडे सारखा बसेलच असं नाही. .२२च्या नळ्या दोन्ही धातूंत चांगल्या मिळतात. पुढचा प्रश्न.

लांब नळी जास्त अचूक असते ना?

नाही. पुढच्या आणि मागच्या साइटमधलं (नेम धरायच्या भागांमधलं) अंतर वाढतं म्हणून नेम धरणं सोपं जातं, एवढंच. मॅच रायफलीत तर आतली खरी नळी संपल्यावर पुढे नुसती पोकळ नळी लावून हे अंतर वाढवतात.

माझा ग्रुप पसरतोय. दोष नळीचाच आहे हे कसं ओळखू?

नळीला शेवटचा आरोपी माना.

माझीच गोष्ट सांगतो. सेकंड हँड स्प्रिंग रायफल घेतली होती, नळी मोडून, म्हणजे बिजागरीवर वाकवून, स्प्रिंग दाबून कॉक करायची. पहिले दोन आठवडे बरे गेले, मग मार वर-खाली पसरू लागले. मी दुकानदाराला दोन वेळा फोनवर सुनावलं. बदली नळीची चौकशी सुरू केली, तीही घरच्यांना न सांगता. क्लबमधले एक ज्येष्ठ नेमबाज शांतपणे पेचकस घेऊन आले आणि स्टॉकचा (दस्त्याचा) पुढचा स्क्रू जवळजवळ एक आख्खा फेरा घट्ट केला. ‘काका, एवढंच?’ म्हटलं. ‘एवढंच. आता त्या दुकानदाराला फोन कर,’ म्हणाले. तो फोन मी अजून केलेला नाही.

तेव्हापासूनचा माझा क्रम असा. आधी स्टॉकचे स्क्रू, मग साइटचे किंवा स्कोपच्या माउंटचे. स्प्रिंग रायफलचा झटका पुढे-मागे असा दुहेरी बसतो, त्यात स्क्रू सैल होतातच. मोडणाऱ्या नळीत बिजागरीपाशी आडवी हालचाल आहे का, ते हाताने बघा. नळी दर वेळी त्याच जागी येऊन बसत नसेल, तर आतल्या खाचा सोन्याच्या असूनही उपयोग नाही. ब्रीचचं रबरी सील बघा. मारताना ब्रीचवर टिश्यू पेपरचा चिठोरा ठेवा, तो उडाला तर हवा गळतेय.

मग पेलेट बदला. मग दुसऱ्या, तुमच्यापेक्षा चांगल्या माणसाच्या हातात रायफल द्या. स्प्रिंग रायफल घट्ट आवळून धरली की मार पसरतात, सैल धरली की गोळा होतात. हा दोष तुमच्या हातातला. एवढं सगळं करूनही ढग पसरलेलाच राहिला, तर नळी साफ करा आणि पुन्हा मारा. त्यानंतर नळीचं नाव घ्या.

एक खूण मात्र थेट नळीकडे बोट दाखवते: बरेच मार नीट एकत्र आणि अधूनमधून एखादा कुठल्याही दिशेला दूर फेकलेला. पेलेटचे डबे बदलूनही तो तसाच राहिला, तर क्राउन आणि चोक तपासा.

कुठलं पेलेट वापरून परीक्षा घ्यावी?

नळी नवी आणि पेलेट बाजारातलं सगळ्यात स्वस्त, अशी परीक्षा घेऊ नका. ती नळीची नसून पेलेटची परीक्षा होते. मॅच पेलेट चपट्या तोंडाचं, साधारण अर्ध्या ग्रॅमचं असतं आणि डब्यावर डोक्याचा व्यास छापलेला असतो: ४.४९, ४.५०, ४.५१. मिलिमीटरच्या शंभराव्या भागाचा फरक, पण स्वस्त नळीत तो ठळक दिसतो, कारण तिचं भोक नेमकं किती हे तिच्या बनवणाऱ्यालाही दर वेळी ठाऊक नसतं. आरडब्ल्यूएस, एच अँड एन, जेएसबी यांपैकी मिळतील ते तीन-चार डबे मित्रांकडून थोडे थोडे मागून घ्या आणि आळीपाळीने मारा: पाच याचे, पाच त्याचे, पुन्हा पाच याचे. आधी एकाचे पंचवीस आणि मग दुसऱ्याचे पंचवीस मारले, तर दुसऱ्याच्या वाट्याला तुमचा थकवा येतो.

माझ्या पाहण्यात नळी बदलून जेवढे ग्रुप सुधारले, त्याच्या कितीतरी पट जास्त पेलेट बदलून सुधारले.

नवी नळी ‘बसायला’ वेळ लागतो का?

कारखान्याचं तेल निघेपर्यंत मार भटकतात. नळी पुसायचे फेल्टचे गोळे कोरडे निघेपर्यंत ओढा आणि पन्नासेक पेलेट मारल्यावर मगच मोजायला सुरुवात करा. त्यापुढे ‘पाचशे गोळ्यांनंतर खुलेल’ असं विक्रेता म्हणाला, तर परत करण्याची मुदत किती दिवसांची आहे ते विचारा.

मुंबईच्या हवेत नळीचं काय होतं?

गंजते. वरळीच्या रेंजवर समुद्र हाकेच्या अंतरावर आहे आणि जून ते सप्टेंबर तर कपाटातल्या चपलांनाही बुरशी येते, तिथे स्टीलची काय कथा. सगळ्यात मोठी चूक म्हणजे रायफल फोमच्या केसमध्ये बंद करून महिनाभर पलंगाखाली सरकवणं. फोम ओलावा धरून ठेवतो. एसी हॉलमधून बाहेर आलात की गार नळीवर दव जमतं. घरी पोचल्यावर केस तासभर उघडी ठेवा, बाहेरून तेलाचा हलका हात फिरवा, सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि त्या वेळेवर बदला. आत तेल घातलंत, तर पुढच्या सरावाआधी कोरड्या फेल्टने काढा. स्प्रिंग रायफलमध्ये तर हे चुकवूच नका, कारण दाबलेल्या तापलेल्या हवेत तेल पेट घेतं आणि फटाक्यासारखा आवाज येतो.

गंजाचे डाग बाहेर असतील तर दिसायला वाईट, एवढंच. क्राउनवर किंवा आत खड्डे पडले असतील तर नळी गेली. सेकंड हँड घेताना मुंबई-कोकणातल्या रायफलीच्या मझलची आतली दोन इंचं टॉर्चने बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

साफसफाई किती वेळा?

ग्रुप पसरू लागला की. दर सरावानंतर तारेचा ब्रश घालणाऱ्यांनी जेवढ्या नळ्या खराब केल्या, तेवढ्या पेलेटने केल्या नसतील. ब्रीचकडून मझलकडे, फेल्टने, बस्स.

घरीच टेस्ट केली तर चालेल का?

सरळ १० मीटर मोकळी जागा असलेला मुंबईतला फ्लॅट मला दाखवा, मी चहाला येतो. चाळीच्या गॅलरीत किंवा गच्चीवर मुळीच नाही. पेलेट उडून परततं, शेजारचं मूल मध्ये येतं आणि पोलीस खाली येतात, याच क्रमाने. वरळी, पनवेल, नाहीतर पुण्याचं बालेवाडी, जिथे जमेल तिथे लेन घ्या. तिथे पक्का टेकू मिळतो, अंतर मोजलेलं असतं आणि मागे गोळी थांबवणारी भिंत असते. रायफल लोकलने नेताना बंद केसमध्ये, बिल आणि ओळखपत्र वरच्या खिशात. विचारलं तर दाखवायचं, वाद घालायचा नाही.

शेवटी, दहा-बारा हजार हातात आहेत. नळी घेऊ का?

आधी बटर पेपरवरचे तुमचे पंचवीस ठिपके मला पाठवा, टेकूवरून मारलेले. ढग ५ मिमीच्या वर्तुळात असेल, तर त्या पैशांत चार जातींची मॅच पेलेट, बरे बूट आणि उरलेल्यात लेनचे तास. ८-१० मिमी असेल आणि स्क्रू, सील, पेलेट सगळं पाहून झालं असेल, तर नळी घ्या, पण परत घेण्याची अट बिलावर लिहून देणाऱ्याकडूनच. आणि जुनी नळी फेकू नका. नवीचेही पंचवीस ठिपके त्याच कागदावर दुसऱ्या रंगाच्या पेन्सिलने टिपायचे आहेत.